ताट धुऊन पिणारा माणूस

अप्पांच्या गोड जेवणाच्या दिवशी मी लातूरला आमच्या मेसच्या दारात उभी होते आणि मला मळमळत होतं. दारावर भला मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर माझ्या वडिलांचा फोटो, कुणीतरी दुकानात बसून गोरा केलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'अन्नदाता'. त्याखाली 'शोकाकुल' म्हणून गल्लीतल्या होतकरू पुढाऱ्यांचे फोटो. त्यातल्या निम्म्यांच्या चेहऱ्यावरचं हसू काढायचं कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, कारण तेच फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही चालतात.

आत बुफे होता. ज्या माणसानं उभं आयुष्य लोकांना पंगतीत बसवून, वाकून वाकून वाढलं, त्याच्या जाण्याचं जेवण लोक एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून उभ्या उभ्या उरकत होते. कोपऱ्यात खरकट्याचे तीन निळे टब. मठ्ठ्यात बुडालेल्या पुऱ्या, अर्ध्या चावलेल्या जिलेब्या, मसालेभाताचे ढीगच्या ढीग, त्यात खोचलेले कागदी रुमाल. एक सफारीवाले गृहस्थ माझ्याजवळ आले, चेहरा पाडून म्हणाले, "अन्नाची कदर करणारा असा माणूस पुन्हा होणे नाही." आणि हे म्हणता म्हणता त्यांनी आपल्या ताटातल्या दोन अख्ख्या पुऱ्या अंगठ्यानं टबात ढकलल्या. मी तिथून मागच्या बोळात गेले आणि भिंतीला धरून उभी राहिले.

मला किळस फार लवकर येते. लहानपणापासूनची खोड आहे. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी, बसच्या सीटवरचं तेलकट डोक्याचं वर्तुळ, लग्नातला सामाईक नॅपकिन, कशानंही माझ्या पोटात ढवळतं. पण त्या दिवशी बोळात उभं राहून मला आठवत होतं ते वेगळंच. आयुष्यात मला पहिली किळस आली ती अप्पांची, माझ्या सख्ख्या बापाची. आणि ती मी त्यांना बोलून दाखवली होती.

अप्पा मूळचे उदगीरकडचे. आम्ही लिंगायत. गावची जमीन काका कसत, म्हणून अप्पा लग्नानंतर लातूरला आले आणि शिकवण्यांच्या भागात, एका पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांनी मेस टाकली. लोह्याची, हिमायतनगरची, किल्लारीची पोरं बारावीच्या अभ्यासाला लातूरला येऊन खोल्या करून राहत आणि आमच्याकडे दोन वेळा जेवत. पुढे शेडच्या जागी दोन मजली इमारत झाली. खाली हॉल आणि भटारखाना, वर आम्ही. अप्पा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. आईला आम्ही अव्वा म्हणायचो.

त्या घरात फोडणीच्या वासातून कशाचीच सुटका नव्हती. माझा शाळेचा गणवेश, वह्या, केसांच्या रिबिनी, सगळ्याला हिंगाचा आणि करपल्या लसणाचा वास. जिन्याचा कठडा वर्षाचे बाराही महिने चिकट. एकदा अव्वाला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर अप्पांनी माझ्या वेण्या घातल्या. चांगल्या घालायचे, अगदी घट्ट, दोन्ही बाजूंना सारख्या. पण त्यांच्या हातांना कांद्याचा वास यायचा आणि मी श्वास रोखून बसायचे. वेणी संपली की ते माझ्या डोक्यावर हलकी टपली मारून म्हणायचे, "झाली बग राणीसाहेबाची तयारी." राणीसाहेब धावत जाऊन साबणानं तोंड धुवायच्या.

तसे अप्पा फार संसारी. अव्वासाठी लुगडं आणायचं तर स्वतः दुकानात बसून शंभर लुगडी उलगडायला लावणार. आम्हा दोघांना ताप आला तर मेस अव्वावर टाकून उशाशी बसणार. आवाज कधी चढवला नाही. त्यांच्या दोनच गोष्टींपुढे कुणाचं काही चालायचं नाही, आणि त्या दोन्ही जेवणाच्या होत्या.

पहिली म्हणजे घरात वेगळा स्वयंपाक नाही. खाली जे शिजेल तेच वर. कोबी तर कोबी, सलग तिसऱ्या दिवशी कोबी तर तेही. स्वतः ते दुपारी शेवटच्या पंगतीला, पोरांच्याच बाकावर, पोरांसारखंच स्टीलचं खणाचं ताट घेऊन बसायचे. पातेल्यांच्या तळाशी जे उरलेलं असेल ते वाढून घ्यायचे. त्यांनी भटारखान्यात उभं राहून कधीच काही चाखलं नाही. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "चमच्यानं चाखून काय कळतंय? पोटभर जेवल्याबिगर अन्न कसं हाय ते कळत न्हाई." वरण जरा उतरलेलं लागलं तर पाचव्या घासाला त्यांचा चेहरा बदलायचा. मग ते उठून पातेलं ओतून द्यायला लावायचे आणि संध्याकाळी पोरांसमोर सांगायचे की दुपारचं वरण चांगलं नव्हतं, ज्यानं खाल्लं असंल त्यानं आज ताक प्यावं. कुठल्या मेसचा मालक असं सांगतो? अव्वा कपाळावर हात मारून घ्यायची.

दुसरी गोष्ट म्हणजे जेवण झाल्यावरची. आमच्यातल्या जुन्या माणसांची ती रीत आहे. अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्यावर जे ताटात येतं तो प्रसाद. प्रसाद टाकायचा नाही, त्याचं शीतसुद्धा नाल्यात जाऊ द्यायचं नाही. म्हणून जेवण संपलं की ताटात पेलाभर पाणी ओतायचं, बोटांनी खण पुसून काढायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अव्वाही करायची, पण पाठ फिरवून, पदराआड. अप्पा भर हॉलमध्ये करायचे. तांबूस, तेलाचे डोळे तरंगणारं, भाताची शितं फिरणारं ते पाणी ते ताट दोन्ही हातांनी उचलून शांतपणे पिऊन टाकत. मग ताट असं काही लख्ख दिसायचं की भांडीवाली म्हणायची, मालकाचं ताट घासायचं काय कारण?

मी बारा वर्षांची असेन. वर्गातली एक मैत्रीण वही घ्यायला आली आणि नेमकी शेवटच्या पंगतीच्या वेळी हॉलच्या दारात उभी राहिली. तिनं अप्पांना ताट तोंडाला लावताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं डब्याच्या झाकणात पाणी ओतून, बोट फिरवून, मिशांवरून हात फिरवत नक्कल करून दाखवली. मुली हसून लोळल्या. मीही हसले. घरी आल्यावर अप्पा विचारायला लागले, "काय झालं गं माय, तोंड का उतरलंय?" आणि त्यांचं तोंड बघून मला उमासा आला. त्या दिवसापासून मी दुपारी हॉलकडे फिरकायचं बंद केलं.

पुढे शिकले, नांदेडला लग्न होऊन गेले. नवऱ्याची नोकरी, दोन खोल्यांचं आणि मग तीन खोल्यांचं घर, डायनिंग टेबल, त्यावर काच. घरात फोडणीचा वास राहू नये म्हणून मी स्वयंपाकघरात पंखा बसवून घेतला. सासरी कुणी विचारलं तर माझे वडील 'व्यवसाय करतात' एवढंच मी सांगायचे. अव्वा गेली. मेस भावाच्या हाती आली, पण अप्पांचं शेवटच्या पंगतीला बसणं सुटलं नाही.

मग तो व्हिडिओ आला. मेसमधल्याच एका पोरानं अप्पांचं ताट धुऊन पिणं मोबाइलवर घेतलं, त्याला एक आचरट गाणं जोडलं आणि वर लिहिलं, 'मालकाचं स्पेशल सूप'. दोन दिवसांत तो लातूरभर फिरला. माझ्या नांदेडच्या सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा येऊन पडला. खाली ओकाऱ्या काढणाऱ्या पिवळ्या तोंडांच्या रांगा. कुणी लिहिलं होतं, असल्या घाणेरड्या माणसाच्या हातचं पोरं खातात? मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. प्रत्येक वेळी भीती एकच, कुणाला कळेल का की हा माझा बाप आहे.

भावाचा फोन आला. तो रडकुंडीला आला होता. "अक्का, पालकांचे फोन यायलेत. पोरं समोरच्या मेसला जायलीत. मी सांगून थकलो, माझं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतील."

मी अप्पांना फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "अप्पा, तुमचं काही चुकतंय असं नाही म्हणत मी. पण जमाना बदललाय. तुम्ही वर घरात जेवत जा. बघणाऱ्याला किळस येते."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. अप्पा म्हणाले, "तुला बी येती का, माय?"

मला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता. पण मला वाटलं, आता लोखंड तापलंय, एकदाचा सोक्षमोक्ष लागून जाऊ दे. "हो," मी म्हणाले, "लहानपणापासून."

मग अगदी साध्या आवाजात, जणू माझ्याकडूनच एखादा निरोप द्यायचा राहून गेला असावा तसे, म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हाई का गं."

दुसऱ्या दिवसापासून ते वर जेवायला लागले. भावानं मला फोनवर थँक्यू म्हटलं. मी स्वतःवर खूश होते, हेही लिहून ठेवते.

दिवाळीला माहेरी गेले. वरच्या मजल्यावर नवी शेगडी आली होती. वहिनी घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक करत होती. ताज्या पोळ्या, पातळ वरण, निवडून घेतलेली भाजी. अप्पा जेवायला बसले की पहिल्या घासाआधी विचारायचे, "खालचंच हाय ना?" आणि वहिनी म्हणायची, "हाव अप्पा, खालचंच." रोज दोनदा. ते मान हलवून जेवायचे आणि म्हणायचे, "सध्या चांगलं करायलाय भटारी. शिकला बग." वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. मीही तेच जेवत होते आणि गप्प होते.

एकदा लोणच्याची बरणी आणायला मी खाली भटारखान्यात गेले. कढईतलं तेल काळंकुट्ट, डांबरासारखं. सकाळच्या भातावर रात्रीचा भात घालून तो फोडणीच्या भातासाठी मोकळा करायला ठेवलेला, त्याला एक गोडसर, दमट वास. चिरलेल्या कोबीच्या टोपल्यात झुरळ निवांत फिरत होतं. वरणाचं पातेलं कुठल्या दिवसाचं होतं ते कुणाला विचारायची माझी हिंमत झाली नाही. इथलं काहीच अप्पांच्या ताट धुतलेल्या पाण्याइतकंही स्वच्छ नव्हतं. अप्पांनी पाच घासांत ओळखलं असतं.

भावाला बोलले. तो म्हणाला, "अक्का, सगळीकडं असंच चालतंय. अप्पासारखं रोज पातेलं ओतून कुणाला परवडतंय? तुला पायजे असंल तर सांग अप्पाला. येतील खाली, बसतील बाकावर, आन् पुन्हा होईल तुझा व्हिडिओ."

'तुझा व्हिडिओ' म्हणाला तो. बरोबर नस दाबली. मी बरणी घेऊन वर आले. अप्पा पलंगावर बसून माझ्या मुलीला कसलीशी जुनी गोष्ट सांगत होते. मी काही बोलले नाही, आणि चार दिवसांनी एस.टी. पकडून नांदेडला आले.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी जेवून गेलेली पोरं खोल्यांवर उलट्या करायला लागली. संध्याकाळच्या आत बरीच पोरं दवाखान्यात होती. जिन्यावर धावपळ, फोन, रिक्षा. अप्पांना वर कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि वहिनीला हाक मारली. हे मला वहिनीनंच नंतर सांगितलं, डोळ्याला पदर लावून. अप्पा म्हणाले, "पोरं दुपारचं खाऊन पडली का?" ती म्हणाली, हाव. अप्पा म्हणाले, "मी बी तेच जेवलो की. मला कामून काही झालं न्हाई?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग पोटावर हात ठेवून पुन्हा म्हणाले, "मला काहीच झालं न्हाई." आणि चपला घालून, काठी न घेता, जिना उतरून दवाखान्यात गेले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. पोरं बरी होत होती. दोघांना अजून सलाइन चालू होतं. अप्पा वऱ्हांड्यातल्या बाकावर बसले होते, रात्रभर तिथंच असावेत. फिनेलचा, उलटीचा आणि ओल्या चादरींचा वास भरून राहिला होता. मी नाकाला रुमाल लावून त्यांच्या शेजारी बसले. किल्लारीकडची एक बाई आतून आली, मुलाची घाण झालेली पँट धुऊन हातात पिळून धरलेली. तिनं अप्पांना ओळखलं, कारण प्रवेशाच्या वेळी मुलाला मेस लावायला ती स्वतः आली होती.

"मालक," ती म्हणाली, ओरडली नाही, "मी लेकराला इथं लावलं ते तुम्ही पोरांच्या पंगतीला बसून जेवताव म्हणून. माझ्या डोळ्यानं बगितलं होतं. काल तुम्ही जेवला न्हाईत का?"

अप्पांनी मान खाली घातली. "न्हाई माय," ते म्हणाले. "लई दिस झाले, मी जेवलोच न्हाई."

मी रुमाल काढला नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पँट वाळत घालायला जिन्याकडे निघून गेली.

मेस आठवडाभर बंद राहिली. मग भावानं हॉलला रंग दिला, नवी पाटी लावली, 'घरगुती चव' असं त्यावर लिहून घेतलं, आणि समोरच्या मेसवाल्याशी कसलंसं समजुतीचं बोलून पुन्हा सुरू केली. लोक विसरतात. याच्याइतकं किळसवाणं मला काही वाटत नाही, पण विसरतात. अप्पांनी खाली जाऊन बाकावर बसायचा प्रयत्न केला, तेव्हा भाऊ हात जोडून म्हणाला, आता नको अप्पा, आताच सावरतंय. त्यांनी मला फोन केला. "काही दिस तुझ्याकडं येऊ का?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं.

नांदेडला ते एक पिशवी घेऊन आले. पहिल्या दिवशी मी त्यांच्या आवडीची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण केलं. काचेच्या टेबलाशी ते अवघडून बसले, कोपर टेकवायला घाबरत. जेवण झालं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो ताटावर धरून थांबले. माझ्याकडे, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "इथं चालंल का?"

"चालेल की अप्पा, तुमचंच घर आहे," मी म्हणाले. माझा आवाज मोठा आला. नवऱ्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं. मुलगी टक लावून बघत होती. अप्पांनी ओतलं, पटकन प्यायले, आणि काचेवर सांडलेला थेंब बाहीनं पुसला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना आधी वाढायला लागले, स्वयंपाकघरात, पाट मांडून. त्यांना लवकर भूक लागते, खाली बसायची सवय आहे, टेबलावर त्यांचे गुडघे अवघडतात, अशी कारणं मी नवऱ्याला दिली, मुलीला दिली, त्यांनाही दिली. ते "बराबर हाय" म्हणाले. दरवाजा मी लोटून घ्यायचे. ताटात पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला की मी नळ सोडायचे. हे दोन महिने चाललं. एकाही दिवशी ते मला वाईट बोलले नाहीत, आणि मला त्यांच्या त्या समजूतदारपणाचासुद्धा राग यायचा.

एका रविवारी नवऱ्याचे साहेब सपत्नीक जेवायला येणार होते. मी आदल्या दिवसापासून राबत होते. ऐन वेळी साहेबांच्या बायकोनं विचारलं, "तुमचे वडील आहेत ना घरात? त्यांना बोलवा की, आमच्याबरोबर बसू दे." त्या चांगल्या बाई होत्या, मनापासून म्हणाल्या. मी आतल्या खोलीत गेले. अप्पा धुतलेला सदरा घालून कॉटवर बसले होते. पाहुणे येणार म्हणून त्यांनी आपणहून तो घातला होता. मी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अप्पा, बाहेर चला जेवायला. फक्त आजचा दिवस, तेवढं ताटाचं..."

"न्हाई करत," ते लगेच म्हणाले. मला वाक्य पुरंसुद्धा करू दिलं नाही.

टेबलावर ते छान वागले. साहेबांशी उदगीरच्या बाजाराबद्दल बोलले, त्यांच्या बायकोला माझ्या लहानपणच्या वेण्यांची गोष्ट सांगितली, त्या हसल्या. मी त्यांच्या ताटाकडे बघत होते. भाजी संपली, वरण-भात अर्धा संपला. साहेबांनी शेवटी एक पुरी, थोडी खीर आणि भाताचा ढिगारा तसाच ठेवून ताट पुढे सरकवलं. त्यांच्या बायकोनंही. नवऱ्यानं त्यांच्याकडे बघून शेवटचा घास सोडला. अप्पा हे सगळं बारकाईनं बघत होते. मग त्यांनी आपलं ताट, त्यात अर्धा भात, एक अख्खी पुरी आणि खिरीची वाटी जशीच्या तशी, दोन बोटांनी हळूच पुढे ढकललं. इतरांच्या ताटांच्या ओळीत बरोबर बसेपर्यंत ढकललं. आणि हात धुवायला उठले.

पाहुणे हॉलमध्ये गेले. मी ताटं उचलून स्वयंपाकघरात आणली आणि एकेक करून कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. साहेबांचं, बाईंचं, नवऱ्याचं, मग अप्पांचं. त्यांच्या ताटातला भात डब्यात पडला तेव्हा मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. अप्पा दारात होते. हात अजून ओले, टॉवेल कुठला घ्यायचा ते न कळून तसेच पुढे धरलेले. ते डब्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. मी तो पुष्कळ शोधला. पोराला नवीन काम शिकवल्यावर ते जसं बघून घेतं, तसे ते बघत होते.

"आता बराबर झालं का, माय?" त्यांनी विचारलं.

बाहेरून नवरा बडीशेपेला हाका मारत होता. माझ्या हातात त्यांचं उष्टं ताट होतं.

मी "हो" म्हणाले.